वाढलेलं पान

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

मंडळी, दत्तजयंती आली की आपल्या सगळ्यांची लगबग सुरू होते. सप्ताह बसतो, पारायण लागतं, पौर्णिमेला संध्याकाळी जन्मकाळ होतो, सुंठवडा वाटला जातो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी महाप्रसादाच्या पंगती उठतात. गेली तेवीस वर्षं आमच्या गावच्या देवळात गुरुचरित्र वाचण्याची सेवा महाराजांनी माझ्याकडून करवून घेतली. एवढी वर्षं वाचूनही एक अध्याय मला नीट कळला नव्हता. तो ज्यानं मला शिकवला, तो कुणी शास्त्री-पंडित नव्हता. तो आमच्या गल्लीतला एक दारुडा होता. आज त्याचीच गोष्ट सांगतो. त्याची परवानगी घेऊन सांगतो आहे, पण नाव सांगणार नाही.

हा गृहस्थ लेथवर काम करणारा, हाताला मोठा गुण. पण दारू लागली. आधी पगाराच्या दिवशी, मग शनिवारी, मग रोज, आणि शेवटी सकाळी उठल्या उठल्या हात थरथरायचे ते थांबावेत म्हणून. बायकोनं सगळे उपाय केले. गळ्यात माळ घातली, देवासमोर शपथ घातली, पाण्यातून अंगारा दिला. शपथ आठ दिवस टिकायची. आपण सगळे काय म्हणत होतो? "मनाचा निर्धार नाही, दुसरं काय!" मीही तेच म्हणत होतो.

एका श्रावणात रात्री त्याला रक्ताची उलटी झाली. तालुक्याच्या दवाखान्यात नेलं, तिथून पुढे मोठ्या दवाखान्यात. यकृत खराब झालं की अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात आणि फुटतात, तसं झालं होतं. तीन दिवस शुद्ध नव्हती. डॉक्टरांनी घरच्यांना नातेवाइकांना बोलावून घ्या म्हणून सांगितलं. चौथ्या दिवशी त्यानं डोळे उघडले.

पुढे पंधरा दिवसांनी तो मला भेटला आणि हळू आवाजात म्हणाला, "काका, एक सांगू? हसू नका. सगळीकडे पाणी होतं. पुराचं पाणी, पण आवाज नव्हता. मी वाहत चाललो होतो आणि मला बरं वाटत होतं. घाटावर कुणीतरी बसलं होतं. तोंड दिसलं नाही. त्यानं एवढंच विचारलं, 'जेवलास का?' आणि मला एकदम रडू आलं. इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलंच नव्हतं."

आता मंडळी, हे खरं की भास? त्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की रक्त कमी पडलं, मेंदूला प्राणवायू कमी मिळाला, की असं दिसतं. असेल. मी वैद्यकशास्त्राशी वाद घालणार नाही. आणि "हे साक्षात महाराजच होते," असा दाखलाही देणार नाही, तो माझा अधिकार नाही. मी एवढंच पाहिलं की तो माणूस त्या दिवसापासून प्यायला नाही. दर गुरुवारी आरतीला यायचा, शेवटी उभा राहायचा आणि प्रसाद घेऊन निघून जायचा.

अशीच गोष्ट परमुलखातली आहे, ती इथे सांगावीशी वाटते. अमेरिकेत बिल विल्सन नावाचा शेअरबाजारातला माणूस होता. दारूनं त्याचं सगळं गेलं. डॉक्टर विल्यम सिल्कवर्थ यांनी त्याच्या बायकोला स्पष्ट सांगितलं होतं की हा असाच पीत राहिला तर मरेल, नाही तर वेडा होईल. डिसेंबर 1934 मध्ये तो न्यूयॉर्कच्या टाउन्स हॉस्पिटलमध्ये पुन्हा दाखल झाला. देवावर त्याचा विश्वास नव्हता. पण पार खचलेल्या अवस्थेत तो ओरडला, देव असेल तर त्यानं दिसावं, मी काहीही करायला तयार आहे. आणि त्याला खोली प्रकाशानं भरून गेल्यासारखी वाटली. आपण मोकळे झालो असं वाटलं. मग तोच घाबरला. डॉक्टरांना विचारलं, मला वेड तर लागलं नाही ना? डॉ. सिल्कवर्थनी तपासलं आणि सांगितलं, वेड नाही. जे काही झालं आहे ते धरून ठेव, आधीच्यापेक्षा हे पुष्कळ बरं आहे.

बघा, किती शहाणा वैद्य! त्यानं प्रकाशाची थट्टा केली नाही आणि त्याची पूजाही मांडली नाही. धरून ठेव, एवढंच म्हणाला. पण धरून ठेवायचं कसं? तिथेच खरी अडचण आहे, आणि आमच्या गल्लीतल्या या माणसाची नावही तिथेच अडली.

त्याला साडेतीन महिने झाले होते. दत्तजयंती आली. महाप्रसादाच्या दिवशी सकाळी तो स्वच्छ धुतलेलं धोतर नेसून देवळात आला आणि मला म्हणाला, "काका, आज मला वाढायला घ्या. काहीही चालेल. पाणी देतो."

मी तेव्हा उत्सवसमितीत होतो. आजूबाजूला चार लोक उभे होते. कुणीतरी कुजबुजलं, "याच्या हातचं लोक घेतील का?" कुणी म्हणालं, "मध्येच पिऊन आला तर देवळाची शोभा होईल." मला खरं तर कुजबुजणाऱ्यांना गप्प करायला हवं होतं. मी उलट त्याच्याच खांद्यावर हात ठेवला आणि गोड आवाजात म्हणालो, "यंदा राहू दे बाबा. पुढच्या वर्षी बघू. तू जेवून जा हं."

तो "बरं, काका," म्हणाला. पंगतीत बसला. पान वाढलं गेलं. मी पुढच्या ओळीकडे वळलो. परत फिरून आलो तेव्हा पान तसंच होतं. मीठ, लिंबू, भात, वरण, सगळं वाढलेलं, आणि समोर कुणी नाही.

अकराव्या दिवशी तो प्यायला.

त्याची बायको माझ्या दारात आली. रडली नाही. म्हणाली, "काका, तुम्ही गुरुचरित्र वाचता ना? मग मला सांगा, महाराजांनी वाचवलं कशाला याला?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेवीस वर्षं वाचणाऱ्या माणसाकडे उत्तर नव्हतं.

त्या रात्री मी तेरावा अध्याय काढून बसलो. आपल्या सगळ्यांना ही कथा पाठ आहे. श्रीनृसिंहसरस्वती महाराज गोदावरीच्या काठी वासरब्रह्मेश्वराला आले आहेत. तिथे एक ब्राह्मण पोटशूळानं हैराण झालेला. अन्न पोटात गेलं की मरणाच्या कळा. ज्या अन्नानं जगायचं, तेच त्याचं वैरी झालेलं. शेवटी तो पोटाला दगड बांधून नदीत जीव द्यायला निघाला. महाराजांनी शिष्यांना पाठवलं आणि त्याला परत आणवलं. कुरवपूरच्या कथेत मंदबुद्धी मुलाला घेऊन नदीत उडी घ्यायला निघालेल्या आईला श्रीपादश्रीवल्लभांनी असंच थांबवलं होतं. मरणाच्या काठावरून माणसाला मागे वळवणं, हे दत्तसंप्रदायात नवीन नाही.

इथपर्यंत मी नेहमी भक्तिभावानं वाचायचो आणि म्हणायचो, वा! महाराजांनी वाचवलं! पण कथा तिथे संपत नाही. त्याच वेळी तिथे सायंदेव आले. ते तिथले अधिकारी, घरदार असलेले गृहस्थ. महाराजांनी त्यांना सांगितलं, याला तुझ्या घरी ने आणि पोटभर जेवू घाल. सायंदेव घाबरले. म्हणाले, याला अन्न पचत नाही, माझ्या घरी जेवून हा मेला तर ब्रह्महत्येचं पाप मला लागेल! महाराजांनी धीर दिला. मग सायंदेवांनी महाराजांना, शिष्यांना आणि त्या रोग्यालाही घरी नेलं, त्यांच्या पत्नीनं वाढलं, तो पोटभर जेवला आणि त्याची व्यथा गेली.

मंडळी, मी तेवीस वर्षं हा अध्याय वाचला आणि स्वतःला नेहमी त्या ब्राह्मणाच्या जागी पाहिलं. महाराज मला वाचवतील. पण माझी जागा ती नव्हतीच. माझी जागा सायंदेवांची होती. सायंदेव घाबरले तसाच मी घाबरलो. देवळाची शोभा होईल, लोक काय म्हणतील, माझ्या पंगतीत काही विपरीत झालं तर? फरक एवढाच की त्यांनी भीती गुरूंपुढे बोलून दाखवली आणि नंतर पान वाढलं. मी भीती गोड बोलण्याखाली लपवली आणि माणूस उठवला.

नदीतून ओढून काढणं ही गुरूंची कृपा. तिथे आपला हात पोचत नाही. पण ओढून काढलेल्या माणसाला पंगतीत जागा देणं हे काम महाराजांनी मुद्दाम एका गृहस्थावर सोपवलं.

आता बिल विल्सनच्या गोष्टीचा पुढचा भाग ऐका. प्रकाश दिसल्यावर तो उत्साहानं दारुड्यांना सुधारायला निघाला. सहा महिने धडपडला, एकही सुधारला नाही. बायको म्हणाली, पण तुम्ही स्वतः तर प्यायला नाहीत ना? मे 1935 मध्ये तो ओहायो राज्यातल्या ॲक्रन गावी कामानिमित्त गेला. काम फिसकटलं. हॉटेलात एकटा उभा, समोर बारमधला हसण्याखिदळण्याचा आवाज. प्रकाश पाहिलेला माणूस, पण पाय बारकडे ओढत होते. त्याला कळलं की आज आपल्याला दुसरा एखादा दारुडा भेटला पाहिजे, नाहीतर आपण बुडालो. त्यानं टेलिफोनवरून चौकशा केल्या आणि डॉ. बॉब स्मिथ या दारूनं ग्रासलेल्या शल्यचिकित्सकाची गाठ पडली. डॉक्टर पंधरा मिनिटांसाठी म्हणून आले आणि रात्री उशिरापर्यंत बसले. बिलनं उपदेश केला नाही, आपली गोष्ट सांगितली. डॉ. बॉबनं शेवटचा पेला घेतला तो दिवस, 10 जून 1935, हाच 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' या संघटनेचा स्थापनादिन मानतात. आज तिच्या सभा आपल्या महाराष्ट्रातही भरतात, मराठीत भरतात, आणि तिथे फी घेत नाहीत.

यातल्या दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. डॉ. बॉबच्या गोष्टीत लख्ख प्रकाश नाही. पिणं सोडल्यावरही जवळजवळ अडीच वर्षं त्यांना ओढ छळत होती. तरी 1950 मध्ये देह ठेवीपर्यंत ते पुन्हा प्यायले नाहीत. म्हणजे साक्षात्कार झाला नाही म्हणून कुणी निराश होऊ नये. दुसरं, बिलला प्रकाश दिसला म्हणून त्याचं सगळं सरळ झालं नाही. पुढे त्याला कित्येक वर्षं खिन्नतेनं घेरलं, आणि सिगारेट त्याला फार उशिरापर्यंत सुटली नाही, फुप्फुसं त्यातच गेली. दर्शन एका क्षणाचं असतं. माणूस घडायला पुढची वर्षं लागतात.

आपल्या दत्तप्रभूंनी हे फार पूर्वी सांगून ठेवलं आहे. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. त्यात मासा आहे. गळाला लावलेल्या आमिषाच्या चवीपायी प्राण देतो. त्यात पतंग आहे. दिव्याच्या रूपाला भुलून जळतो. माशाला "निर्धार कर" म्हणून सांगून काय उपयोग? गळ घशात रुतलेला असतो, तो कुणीतरी काढावा लागतो. आणि त्याच चोवीसांत मधमाशी आहे. ती साठवते आणि साठवल्यापायीच मारली जाते. म्हणून भिक्षेकऱ्यानं उद्यासाठी साठवू नये. गाणगापुरात आजही भक्त पाच घरी मधुकरी मागतात. ती मधुकरी आजची असते, उद्याची नसते. व्यसन सोडणाऱ्यानं नेमकं हेच करायचं असतं. "जन्मभर पिणार नाही," ही शपथ फार जड आहे, ती खांद्यावर पेलत नाही. "आज पिणार नाही," एवढी मधुकरी रोज मागायची. उद्याची उद्या मागू.

पुढे काय झालं ते सांगतो. मी त्याच्याकडे गेलो. पायाशी बसलो म्हटलं तरी चालेल. म्हणालो, "चूक माझी झाली." तो म्हणाला, "नाही काका, तुमच्यामुळे नाही प्यायलो. माझ्यामुळे प्यायलो. पण त्या दिवशी पानावर बसवलं नाही." एवढंच बोलला.

मी लगेच उत्साहानं म्हणालो, "आजपासून बंद! चल, देवासमोर सोड." बरं झालं, त्याच्या बायकोनं डॉक्टरांना विचारलं. हे सगळ्यांनी नीट ऐका, विशेषतः घरात असा कुणी असेल त्यांनी. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडली तर काही तासांत हात थरथरतात, घाम सुटतो. एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नसलेली माणसं दिसू लागतात, भान जातं, आणि यात माणूस दगावूही शकतो. हे देवाचं वारं नव्हे की भूतबाधा नव्हे. शरीराला दारूची सवय झालेली असते आणि ती अचानक काढून घेतली की असं होतं. म्हणून सोडायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली. अंगारा कपाळाला जरूर लावा, पण गोळ्या पोटात जाऊ द्या. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी 1986 मध्ये 'मुक्तांगण' उभं केलं, तेव्हापासून महाराष्ट्रात हे काम रुजलं. आता जिल्ह्याजिल्ह्यांत अशी केंद्रं आहेत. तिथे जायला लाज वाटण्याचं कारण नाही. हृदयविकाराच्या दवाखान्यात जायला लाज वाटते का?

तो महिनाभर अशा एका केंद्रात राहिला. आल्यावर दर आठवड्याला सभेला जाऊ लागला. मीही एकदा त्यांच्या सर्वांसाठी खुल्या असलेल्या सभेला गेलो. बाकावर वीस-पंचवीस माणसं. एकेक जण उठून आपली गोष्ट सांगत होता. कुणी कुणाला उपदेश केला नाही. मला वाटलं, माझ्या प्रवचनापेक्षा हे कीर्तन जास्त खरं आहे.

पुढच्या दत्तजयंतीला मी समितीच्या बैठकीत उभा राहिलो आणि म्हणालो, "हा यंदा वाढायला येईल. काही कमीजास्त झालं तर जबाबदारी माझी." थोडी कुरबुर झाली. पिऊन देवळात यायचं नाही, हा नियम आमच्याकडे आहे आणि तो राहणारच. पण तो नियम दारूला आहे, माणसाला नाही. न प्यालेल्या माणसाला त्याच्या जुन्या पिण्याची शिक्षा कुठवर द्यायची?

त्यानं त्या दिवशी मीठ वाढलं. महाप्रसादातलं सगळ्यात छोटं काम. वाकून, एकेका पानावर, चिमटीनं. हात थरथरत नव्हते. पहिल्या पंगतीत एका म्हाताऱ्या आजींनी वर पाहिलं, ओळखलं, आणि म्हणाल्या, "बाळा, थोडं अजून घाल." त्यानं घातलं. शेवटची पंगत उठली तेव्हा दुपारचे साडेतीन झाले होते. वाढपी मंडळी बसली. मी त्याचं पान मांडलं, वरण-भात वाढला, वर तुपाची धार सोडली, आणि आपसूक तोंडातून गेलं, "जेवलास का रे?" तो माझ्याकडे बघतच राहिला. मग मान खाली घालून जेवायला लागला. त्या दिवशी पान रिकामं झालं.

आज तो किती वर्षं प्यायला नाही, हे मी मोजत नाही. कारण तो स्वतः मोजत नाही. विचारलं तर म्हणतो, "काका, आज नाही प्यायलो." दर गुरुवारी आरती झाली की देवळामागच्या ओवरीत तो दोघा-तिघांना घेऊन बसतो. काही टिकतात, काही पुन्हा घसरतात, घसरलेले पुन्हा येतात. तो कुणाला उठवत नाही.

माझ्या वयाच्या गृहस्थांना, माउलींना हात जोडून सांगतो. तुमच्या घरात, भावकीत, शेजारी असा एखादा असेल. त्याला शपथा घालू नका, चारचौघांत लाजवू नका, त्याची देणी लपून भागवू नका. डॉक्टरांकडे न्या, त्याच्यासारख्यांच्या सभेला जाऊ द्या. आणि तो मरणाच्या दारातून परत आला असेल, किंवा नुसताच एखाद्या सकाळी "आज नाही" म्हणून उठला असेल, तर त्याच्यासाठी पान मांडा. तो बसेल की नाही, उठून जाईल की नाही, ते आपल्या हाती नाही. पान मांडणं आपल्या हाती आहे.

शेवटी एक गोष्ट सांगून वाणीला विराम देतो. तेराव्यापुढच्या चौदाव्या अध्यायात त्याच सायंदेवांवर प्राणसंकट आलं. ज्याच्या पदरी चाकरी, त्या यवन अधिपतीनं बोलावणं धाडलं होतं, आणि जिवंत परत येण्याची आशा नव्हती. महाराजांच्या आशीर्वादानं ते सुखरूप, उलट सन्मान घेऊन परतले. ज्या गृहस्थानं मरायला निघालेल्याला पंगतीत बसवलं, त्याचं मरण गुरूंनी टाळलं. आणि पुढे त्याच सायंदेवांच्या वंशात सरस्वती गंगाधर जन्मले. त्यांनीच गुरुचरित्र लिहिलं. आपण दरवर्षी सप्ताहात जो ग्रंथ डोक्यावर घेऊन मिरवतो, तो त्या घरातून आला आहे, जिथे एका दिवशी भीत भीत का होईना, एक पान जास्त मांडलं गेलं होतं.

यंदाच्या महाप्रसादाला आपल्या मंदिरातही एक पान जास्त मांडू या.

॥ अवधूतचिंतन श्री गुरुदेव दत्त ॥